लुअर पुन्हा रंगवला तरी रंग सुटतोच? आधी पोपड्याची पाठ बघा

जुना लुअर, म्हणजे माशाला भुलवायचं नकली आमिष, घासला, नवा रंग मारला, वरून क्लिअर, म्हणजे पारदर्शक थर दिला, दोन दिवस वाळवला. दिसायला अगदी दुकानातल्यासारखा. मग तलावावर दहा-बारा फेकींत पोटाजवळचा पोपडा सुटतो, नाहीतर पुढच्या रविवारी डबा उघडावा तर लुअर झाकणालाच चिकटलेला. पुन्हा घासा, पुन्हा रंगवा, पुन्हा तेच.

अशा वेळी बहुतेक जण क्लिअरला शिव्या घालतात आणि आणखी महाग बाटली आणतात. क्लिअरचा दोष क्वचितच असतो. लाउरी रापाला यांनी 1936 साली फिनलंडमध्ये आपला पहिला लुअर कोरला तेव्हा अंगाला चॉकलेटची चांदी लावली होती आणि वरचं कवच फोटोच्या निगेटिव्ह वितळवून केलं होतं. म्हणजे वरचा थर साधा असला तरी चालतं, खालची पकड पक्की हवी. पकड नेमकी कुठल्या थरावर सुटली ते पोपडाच सांगतो, फक्त तो उलटा करून बघावा लागतो.

इथे फक्त कडक अंगाच्या लुअरचा विचार केला आहे: प्लास्टिकचे मिनो, क्रँकबेट, पॉपर आणि लाकडी लुअर. रबरी बेडूक आणि मऊ प्लास्टिकच्या मासोळ्या यांवर हे रंग टिकतच नाहीत, कारण अंग वाकतं आणि रंग वाकत नाही. त्यांच्यावर वेळ घालवू नका.

लक्षणं

पोपडा नखाने अलगद उचला, उन्हात धरा आणि त्याची खालची बाजू बघा. जमलं तर भिंगातून.

पोपड्यात प्रायमर (रंगाआधीचा पायाचा थर), रंग, क्लिअर असे सगळे थर आले आणि लुअरवर नुसतं गुळगुळीत प्लास्टिक उरलं, तर धुण्यात किंवा घासण्यात कमी पडलं. सगळ्यांत जास्त सापडणारा दोष हाच.

लुअरवर प्रायमर तसाच आहे आणि रंग तेवढा निघाला, तर रंग प्रायमरवर ओला बसलाच नाही, भुकटी होऊन बसला. उन्हाळ्यातल्या एअरब्रशचं (हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या पेनाचं) हे काम.

पोपडा काचेसारखा पारदर्शक आहे आणि रंग जागच्या जागी आहे, तर क्लिअर आणि रंग यांच्यामध्ये काहीतरी आलं: बोटांचं तेल, ओल, किंवा आधीच्या एपॉक्सीची (रेझिन आणि हार्डनर मिसळून घट्ट होणाऱ्या क्लिअरची) बुरशट चिकटी.

पोपड्याच्या पाठीला कंपनीचा जुना रंग चिकटून आला, तर तुमचं काम चांगलं होतं, पाया कुजका होता.

पाठीला लाकडाचे तंतू किंवा तपकिरी डाग दिसले, तर आत पाणी गेलंय. हा रंगाचा आजारच नव्हे.

पोपडा न सुटता होणारे त्रासही आहेत. आठवडा झाला तरी बोट चिकटतं. रंग सुरकुततो, साय धरल्यासारखा. क्लिअर दुधाळ होतो. मार्करने काढलेल्या काळ्या रेघा क्लिअर लावताच पसरतात. क्लिअरला माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. आणि एक तक्रार उशिरा लक्षात येते: रंग छान टिकला, पण लुअर पाण्यात पूर्वीसारखा हलत नाही.

फुकटच्या तपासण्या

डबा. रबरी बेडूक किंवा मऊ प्लास्टिकच्या अळ्या आणि रंगवलेले लुअर एकाच खणात आहेत का? असतील तर पुढचं काही वाचण्याआधी ते वेगळे करा. मऊ प्लास्टिक मऊ राहावं म्हणून त्यात तेलासारखं द्रव्य घातलेलं असतं. ते हळूहळू बाहेर येतं आणि शेजारच्या लुअरचा रंग, क्लिअर, कधीकधी खालचं प्लास्टिकसुद्धा विरघळवतं. मे महिन्यात मोटारसायकलच्या डिकीत हा डबा दिवसभर तापला की आठवड्याचं काम दुपारभरात होतं. खूण सोपी आहे: चिकटपणा लुअरच्या एकाच कुशीला, जिथे स्पर्श झाला तिथेच असतो. अंग नखाने दाबून बघा. प्लास्टिकच लोण्यासारखं दबत असेल तर लुअर गेला, त्याला रंगवू नका.

डिकीतल्या उन्हाचा आणखी एक त्रास म्हणजे घरी मिसळायच्या साध्या एपॉक्सी 50-60 अंशांपुढे मऊ पडतात. मऊ एपॉक्सीवर दुसऱ्या लुअरचा गळ टेकला की तिथे खाच पडते, आणि पुढच्या वेळी पाणी तिथूनच शिरतं. लुअर एका खणात एक ठेवा आणि डबा सावलीत.

गळाची रेघ की पोपडा? पोटाखाली अर्धगोल ओरखडे असतील, तीन काट्यांचा गळ झुलतो त्याच चापात, तर ती गळाची घासट. मरळीच्या दातांच्या खुणा ठिपक्यांच्या असतात. गोसेखुर्द धरणाच्या फुगवट्यातल्या बुडालेल्या झाडांच्या खुंटांवर आपटून नाकाचा तुकडा उडाला तर कड तुटल्यासारखी, तिरपी दिसते. ही सगळी झीज आहे, चूक नाही. तेवढीच जागा घासून क्लिअरचा थेंब लावला की झालं. चूक असेल तर पोपड्याची कड उचलली जाते आणि नख घातलं की पुढे पुढे सरकते.

खोली. विदर्भात हीच तपासणी लोक विसरतात. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या तापत्या नऊ दिवसांत, हवा कोरडी ठणठणीत असते म्हणून रंग लवकर वाळेल असं वाटतं, आणि त्याच खोलीत कूलर चालू असतो. कूलर म्हणजे ओल्या वाळ्यातून आलेली हवा. बंद खोलीत तासाभरात चांगलाच दमटपणा होतो. एपॉक्सीच्या हार्डनरला हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड लागली की वर मेणचट, बुरशट साय धरते. त्यावर दुसरा थर दिला की तो पारदर्शक पोपडा होऊन सुटतो. एनसी लॅकर (नायट्रोसेल्युलोजचा, थिनर उडून वाळणारा क्लिअर) असेल तर थिनर भर्रकन उडतो, पृष्ठभाग गार पडतो, हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि लॅकर दुधाळ होतो. क्लिअर लावताना आणि पुढचे सहा-सात तास कूलर बंद. पावसाळ्यात, म्हणजे साधारण आषाढापासून पोळ्यापर्यंत, क्लिअरचं काम न केलेलंच बरं. करायचंच असेल तर दोन दिवस उघाड बघून, दुपारी.

स्वयंपाकघराशेजारी रंगवत असाल तर फोडणीची वाफ म्हणजे तेलाचे बारीक थेंबच. गोल खड्डे पडतात ते यानेच, किंवा डोक्याला खोबरेल लावलेल्या हातानेच लुअर धरल्याने. वर्धा-यवतमाळकडे वेचणीनंतर घरात कापूस भरून ठेवलेला असतो. त्या खोलीत ओला एपॉक्सी ठेवलात तर सकाळी लुअरला मिशा फुटलेल्या दिसतील. रुईचा तंतू क्लिअरमधून वर आलेला राहिला तर तो वातीसारखं पाणी आत ओढतो. वाळल्यावर ब्लेडने तासून 600 नंबरचा घासायचा पेपर फिरवा आणि पुन्हा एक पातळ थर द्या.

दहा-वीस रुपयांच्या तपासण्या

सेलोटेप. लुअरच्या कुशीवर नव्या ब्लेडने एक-एक मिलिमीटर अंतराने सहा आडव्या, सहा उभ्या चिरा पाडा, थेट अंगापर्यंत. वर सेलोटेप बोटाच्या नखाने घट्ट दाबा आणि एका झटक्यात मागे ओढा. चौकोन जागेवर राहिले तर पकड ठीक आहे. चिरांच्या कडेला कणकण उडाले तरी चालतं. अख्खे चौकोन आले तर तो लुअर वरवर डागडुजी करून सुधारणार नाही. जुन्या लुअरवर नवा रंग मारायच्या आधी कंपनीच्या रंगावरही हीच चाचणी करा. तो टिकला तर सगळा खरवडून काढायची गरज नाही, नुसता 400 नंबरने निस्तेज करून त्यावरच रंगवा. कंपनीने भट्टीत वाळवलेल्या थरापेक्षा चांगला प्रायमर आपल्याला घरी करता येत नाही. चांगला पाया खरवडून काढणं ही हौशी माणसाची आवडती चूक आहे.

पाण्याची चाचणी. धुतलेला लुअर पाण्यात बुडवून उभा धरा. पाणी सलग चादरीसारखं पसरून राहिलं, तर अंग स्वच्छ. कुठे पाणी फाटून थेंब-थेंब झालं, जसं कमळाच्या पानावर होतं, तर तिथे तेल, माशाचा बुळबुळीत थर किंवा सिलिकॉन आहे. रंग तिथूनच सुटेल. भांडी घासायचा साबण, जुना टूथब्रश, कोमट पाणी, आणि पुन्हा चाचणी. त्वचेला मऊपणा देणारे हँडवॉश नकोत, त्यातला स्निग्धांश मागे राहतो. शेवटचं खळखळणं आरओच्या कॅनमधल्या पाण्याने करा. विहिरी-बोअरचं जड पाणी वाळलं की पांढरे क्षार ठेवून जातं आणि रंग त्या क्षारांवर बसतो, अंगावर नाही.

त्यानंतर आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पुसून घ्या. मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतं, 99 टक्क्यांचं घ्या. नेलपॉलिश रिमूव्हर, अॅसिटोन किंवा एनसी थिनर एबीएस प्लास्टिकला लावू नका. अंग चिकट होतं, शिवण उकलते आणि पारदर्शक लिप (तोंडाखालची पट्टी) दुधाळ होऊन बारीक तडकते. तडकलेली लिप पहिल्या खुंटाला तुटते.

घासणं. 600 नंबरचा वॉटर पेपर, पाण्यात भिजवून, चकाकी पूर्ण जाईपर्यंत. डोळ्याभोवती, खवल्यांच्या कोरीव खाचांत आणि गळाच्या कडीभोवती पेपर पोचत नाही. तिथे टूथब्रशवर थोडी भांड्यांची पावडर घ्या. पोपडे बघितले तर बहुतेक याच तीन जागांतून सुरू झालेले असतात. चकचकीत चांदीच्या मुलाम्याचा लुअर असेल तर मुलामा काढायच्या भानगडीत पडू नका. 1000 नंबरने त्याच्या वरच्या लॅकरची नुसती चमक मारा आणि प्लास्टिकसाठीचा प्रायमर द्या. मुलामा कागदाहून पातळ असतो, दोन घास जास्त मारले की खालचं प्लास्टिक दिसू लागतं.

मापाच्या तपासण्या

लुअर चिकटच राहत असेल तर रंगाकडे बघू नका, एपॉक्सीचं माप बघा. 28-30 अंशांत 48 तासांनंतरही जो एपॉक्सी चिकट आहे, तो महिनाभर उन्हात ठेवला तरी वाळणार नाही. एपॉक्सी पाणी उडून वाळत नाही, दोन द्रव्यांच्या जोडणीतून घट्ट होतो. हार्डनर जास्त टाकला की लवकर वाळेल हा समज इथे उलटा पडतो.

औषधाच्या दुकानातून 5 मिलीच्या दोन सिरिंज घ्या, सुई नको. एकीवर र, दुसरीवर ह लिहा आणि अदलाबदल कधीच करू नका. बाटलीवरचं प्रमाण आकारमानाचं आहे की वजनाचं, ते नीट वाचा. रेझिन हार्डनरपेक्षा जड असतं, त्यामुळे आकारमानाने 1:1 असलेलं वजनाने 1:1 केलं की हार्डनर जास्त पडतो. 9 सेंटीमीटरच्या मिनोला एका थराला साधारण एक ते दीड मिली लागतं. पण तेवढंच मिसळायला गेलात तर सिरिंजच्या एका रेघेची चूकही मोठी ठरते. किमान 2 अधिक 2 मिली मिसळा आणि तीन लुअर एकत्र उरका. भांड्याच्या कडा खरवडत तीन मिनिटं ढवळा, मग दुसऱ्या भांड्यात ओतून आणखी एक मिनिट. पहिल्या भांड्याच्या कडेला न मिसळलेलं रेझिन चिकटलेलं असतं. शेवटचा लुअर त्यातून रंगवला की फक्त तोच चिकट राहतो आणि माणूस डोकं खाजवत बसतो.

डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहा-बारापर्यंत येतो तेव्हा रेझिन तूप थिजावं तसं जाड होतं, कधी त्यात साखरेसारखे कणही धरतात. बाटली झाकण लावून गरम पाण्याच्या गंजात ठेवा. कण विरघळून पारदर्शक झालं की मगच मोजा. मे महिन्यात उलट होतं. दर दहा अंशांमागे घट्ट व्हायचा वेळ साधारण निम्मा होतो, म्हणून बाटलीवर 40 मिनिटं लिहिली असली तरी हातात पंधराच मिळतात. रात्री नवानंतर काम करा.

किंचित चिकट असेल तर वरची चिकटी आयपीएच्या फडक्याने पुसून, बरोबर मापाचा एक पातळ थर वर देऊन लुअर वाचतो. ओघळतच असेल तर सगळं पुसून काढणं हाच इलाज. वर बुरशट साय आली असेल तर थिनर नको, तो ती साय नुसती पसरवतो. ही साय पाण्यात विरघळते, तेव्हा कोमट पाण्याने आणि घासणीने धुवा, मग 600 नंबर, मग पुढचा थर.

यूव्ही रेझिन (अतिनील प्रकाशाने घट्ट होणारा क्लिअर) वापरणाऱ्यांसाठी एकच गोष्ट: वरचा चिकट पापुद्रा हवेतल्या ऑक्सिजनमुळे राहतो, दोष नाही. आयपीएने पुसा.

आणि ती गळाची कडी. पोपडा कुठून सुरू झाला हे शंभरदा बघितलं तर बहुतेक वेळा उत्तर एकच येतं: पोटाखालची कडी. होतं असं की एपॉक्सी कडीत भरतो आणि वाळतो. नंतर गळ अडकवायला कोणी खिळ्याने, कोणी पक्कडीने तो टोचून काढतो. टक्क असा आवाज येतो, कडीच्या बुडाशी केसाएवढी भेग पडते आणि ती डोळ्यांना दिसत नाही. मग प्रत्येक फेकीला गळ ती कडी हलवतो, पाणी भेगेत शिरतं, दुपारच्या उन्हात तापतं, रंग आतून उचलला जातो. एपॉक्सी जेली झाल्यावर, म्हणजे बोट लावलं तर ठसा उमटतो पण तार सुटत नाही अशा वेळी, शिवणाच्या सुईने कडीचं भोक मोकळं करा. बुडाशी एपॉक्सीची छोटी कॉलर राहू द्या. तीच पाणी अडवते. हा दोन मिनिटांचा वेळ चुकवलात तर टोचू नका. हेअर ड्रायरने कडी तापवा, एपॉक्सी मऊ झाला की सुई फिरवा.

थरांचं एकमेकांशी जुळतं का

सुरकुत्या, पसरलेल्या रेघा आणि विरघळलेला रंग यांचं मूळ इथे. नवीन बाटली आणली की लुअरवर प्रयोग नको. आइस्क्रीमच्या कपातला प्लास्टिकचा चमचा घासा आणि त्यावर तोच प्रायमर, तोच रंग, तोच क्लिअर, त्याच वेळांनी द्या. दोन दिवसांनी सेलोटेप.

घरातल्या दाराचा ऑइल पेंट खाली आणि एनसी लॅकर वर दिला तर सुरकुतणारच. ऑइल पेंट वरून कोरडा वाटला तरी आतून आठवडे कच्चा असतो आणि एनसी थिनर त्याला फुगवतो. नेलपॉलिशचा पारदर्शक थर पाण्यातल्या अॅक्रिलिक रंगावर ब्रशने फिरवला तर रंग ओढला जातो. परमनंट मार्करच्या रेघा एपॉक्सीखाली पसरतात. आधी पाण्यातल्या अॅक्रिलिक क्लिअरचा एक हलका फवारा देऊन त्या बंद करा, किंवा रेघाच अॅक्रिलिकने काढा. सगळ्यांत बिनत्रासाची जोडी म्हणजे पाण्यातले अॅक्रिलिक रंग आणि वर एपॉक्सी.

रंगाची भुकटी होण्याबद्दल: एप्रिल-मेमध्ये एअरब्रशमधून निघालेला थेंब लुअरपर्यंत पोचेतो वाळतो. बोट फिरवलं तर खरखर लागते. 0.3 मिलिमीटरची नोझल असेल तर दाब 20-25 पीएसआय ठेवा, अंतर पंधरा सेंटीमीटरवरून सात-आठवर आणा, रंगात रिटार्डरचे (वाळणं लांबवणाऱ्या द्रवाचे) दोन थेंब टाका आणि काम सकाळी आठच्या आत संपवा. खवले उमटवायला दुपट्ट्याची जाळी चांगली, लसणाच्या पिशवीची जाळी मोठ्या लुअरला. जाळी ओल्या रंगावर ओढू नका, सरळ वर उचला.

आत पाणी गेलंय का

लाकडी लुअरला क्लिअर तडकत असेल तर गळ काढून कोरडा लुअर 0.01 ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर मोजा. खिशात मावणारा काटा ऑनलाइन मिळतो, नाहीतर ओळखीच्या सोनाराकडे दोन मिनिटांचं काम. मग बारा तास पाण्यात दाबून ठेवा, पुसा, पुन्हा मोजा. आठ-दहा ग्रॅमच्या लुअरचं वजन 0.1 ग्रॅमहून जास्त वाढलं तर कुठेतरी वाट आहे. लाकूड पाण्याने फुगतं आणि वाळताना आकसतं, क्लिअरला ते जमत नाही. अशा लुअरवर नुसता नवा थर देणं म्हणजे ओल्या भिंतीला चुना. सावलीत ठेवून दोन दिवस वजन स्थिर येईपर्यंत वाळवा. उन्हात ठेवलात तर लाकूडच उलेल. मग सगळा रंग काढून आधी पातळ एपॉक्सी किंवा सँडिंग सीलरचे दोन थर, कडीच्या भोकांच्या आतही.

पोकळ प्लास्टिकचा लुअर 50 अंशांच्या आसपासच्या पाण्यात धरा, म्हणजे हात लावून लगेच काढावा लागेल इतकं गरम. आतली हवा फुगते आणि फट असेल तिथून बुडबुड्यांची रांग निघते. पेन्सिलीने खूण करा. आत पाणी खुळखुळत असेल तर पोटाला एक मिलिमीटरचं भोक पाडून काढा, पूर्ण वाळू द्या. मग भोकावर एपॉक्सी, फटीवर पातळ सुपरग्लूचा थेंब. क्लिअर लावताना खोली तापत नसावी, थंड होत असावी. सकाळी लावलात तर दुपारपर्यंत आतली हवा फुगून ओल्या क्लिअरला सुईची भोकं पाडते.

सगळं काढून नव्याने करायचं असेल तर

वरचं सगळं जुळलं नाही तरच इथे या. सगळा रंग काढायला एक संध्याकाळ आणि करायला चार दिवस जातात.

जुना रंग कोरडा खरवडू नका. भारतात घरगुती रंगांत शिशाची मर्यादा 90 पीपीएम आहे, ती 1 नोव्हेंबर 2017 पासून. त्याआधीच्या, विशेषतः पिवळ्या-नारिंगी रंगांत शिसं असू शकतं. पेपर ओला ठेवा, तोंडाला मास्क, ताटात-तपेल्यात धुवू नका, लहान पोरं जवळ नकोत.

गळ आणि रिंगा काढा, लिपवर मास्किंग टेप कडेपर्यंत नीट कापून लावा. धुणं, 600 नंबर, पाण्याची चाचणी, आयपीए. यानंतर उघड्या बोटाने धरायचं नाही, तारेच्या आकड्याला टांगा. प्रायमरचा एक पातळ थर, अर्धा तास. पांढऱ्या रंगाचे तीन हलके फवारे. पहिला फवारा अर्धवट झाकला तरी चालेल, झाकण्यासाठी जाड मारू नका. प्रत्येक रंगानंतर हेअर ड्रायर वीत-सव्वा वीत लांबून तीस सेकंद. मग 24 तास थांबा. अॅक्रिलिकमधलं पाणी आत कोंडलं की क्लिअर दुधाळ होतो आणि महिन्याभराने सुटतो.

एपॉक्सी एकच पातळ थर. बुडबुड्यांवरून लायटरची ज्योत झर्रकन न्या, थांबवू नका. मिनिटाला पाच-सहा फेरे घेणाऱ्या मायक्रोवेव्हच्या ताटलीच्या मोटरवर सहा तास फिरवा. ती मोटर 230 व्होल्टची असू शकते, जोडणी उघडी ठेवू नका. लाइट जाण्याची वेळ बघून बसा. मध्येच गेली तर पहिले दोन तास दर पाच मिनिटांनी हाताने अर्धा फेरा द्यावा लागेल, नाहीतर पोटाला थेंब लोंबकळतो. तो थेंब म्हणजे अर्धा ग्रॅम वजन चुकीच्या जागी, आणि लुअरची चाल जाते ती याच्यामुळे. गळ 72 तासांनी लावा, डब्यात आठवड्याने टाका. त्याआधी बादलीत सोडून बघा: तरंगणारा लुअर गळासकट तरंगतोय ना, एका कुशीवर कलत नाही ना. कललाच तर जड बाजूचा क्लिअर घासा, दुसऱ्या बाजूला थर चढवू नका.

इथे थांबा

गळाची कडी बोटाने हलते किंवा फिरते. रंग विसरा. मामा (माजी मालगुजारी) तलावातली पाच किलोची मरळ तुमची कडी घेऊन जाईल. आत तार आरपार असेल आणि गंजली असेल तर लुअर बांधणाऱ्या माणसाकडेच पाठवा किंवा कपाटावर शोभेला ठेवा.

काचेच्या डोळ्यांचा जुना लाकडी लुअर कोणाच्या पेटीत सापडला तर त्याला पेपर लावू नका. मूळ रंग कितीही उडालेला असला तरी संग्राहकाच्या लेखी किंमत त्या मूळ रंगालाच असते. आधी जाणकाराला दाखवा.

दोन भागांचा पीयू (पॉलीयुरेथेन) क्लिअर, गाडीवर मारतात तो, घरी फवारू नका. एपॉक्सीपेक्षा कडक आणि पातळ बसतो हे खरं, पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. कापडी किंवा साधा मास्क त्याला अडवत नाही आणि एकदा शरीराला त्याची अॅलर्जी जडली की दम्यासारखा त्रास पुढे थोड्याशा वासानेही उठतो. तालुक्याच्या ठिकाणी स्प्रे बूथ असलेला डेंटिंग-पेंटिंगवाला शोधा. पंधरा-वीस लुअर रंगवून, 24 तास वाळवून, कडीत तारा घालून एका सळईला टांगून न्या. त्याची गाडी बूथमध्ये असेल त्याच दिवशी उरलेल्या क्लिअरमध्ये तुमचं काम होतं. दोन गोष्टी आधी सांगा: थिनरने पुसायचं नाही, आणि हीटर लावायचा नाही, कारण 60 अंशांच्या बूथमध्ये पोकळ लुअर फुगून शिवणीत उकलतात.